तिसरी भाषा आणि नेरची पहिली इयत्ता

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने जो शासन निर्णय काढला, त्यात मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्याची तजवीज होती. तिच्यावर गदारोळ उठताच अनिवार्यतेला स्थगिती मिळाली, १७ जूनला दुसरा निर्णय निघून ‘अनिवार्य’ या शब्दाच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ हा अधिक मवाळ शब्द आला, आणि अखेर २९ जूनला दोन्ही हुकूम मागे घेऊन सारा विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या समितीकडे सोपविण्यात आला. अवघ्या अडीच महिन्यांत घडलेल्या या नाट्याचे राजकीय अंक वाचकांना ठाऊक आहेतच, त्यांची उजळणी येथे करावयाची नाही. परंतु १७ जूनच्या निर्णयात एक अट होती, आणि तिच्याकडे ज्या मानाने लक्ष जावयास हवे होते त्या मानाने ते गेले नाही असे मला वाटते. हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा शिकण्याची इच्छा एका इयत्तेतील किमान २० विद्यार्थ्यांनी दर्शविली तर त्या भाषेचा शिक्षक मिळेल, एरवी ती भाषा ऑनलाइन शिकविली जाईल, अशी ती अट होती. राज्यात ज्या शाळांचा सबंध पटच २० च्या आत आहे अशा शाळांची संख्या १४ हजारांच्या वर आहे. पहिलीत तिघे आणि दुसरीत चौघे बसणाऱ्या तांड्यावरील शाळेला हा विकल्प देऊ करणे हे शासकीय भाषेत औदार्य असेल; गणिताच्या भाषेत ते शून्य आहे.

अशा शाळा पाहावयाच्या तर नेरच्या आसपास पाहाव्यात. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जुन्या लोकांच्या तोंडी अद्याप ‘नेर परसोपंत’ असलेले हे तालुक्याचे गाव. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीनची काळी जमीन. गावात तहसील कचेरी, नगर परिषद, बाजार समिती आणि तालुक्याच्या ठिकाणी असावयाच्या त्या सर्व वस्तू. येथील बहुसंख्य लोक घरी वऱ्हाडी बोलतात. तांड्यांवरचा बंजारा समाज गोरबोली बोलतो. कसब्यातील मुसलमान कुटुंबांत उर्दू किंवा तिची वऱ्हाडी वळणाची दख्खनी बहीण नांदते आणि त्यांच्या मुलांसाठी उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. पारधी बेड्यांवर गुजराती-राजस्थानी वळणाची पारधी ऐकू येते. आणि यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस व पूर्वेस, केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडे सरकावे तसतशा कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा भेटू लागतात. बाजाराच्या दिवशी या साऱ्यांचा व्यवहार वऱ्हाडीत, तुटक हिंदीत, किंवा एकाच वाक्यात दोहोंमध्ये होतो, आणि तो बिनबोभाट होतो. अडचण होते ती शाळेच्या उंबरठ्यावर. कारण तिथे जी मराठी भेटते ती यांपैकी कोणाच्याच घरची नसते.

वऱ्हाडी मुलापासून आरंभ करू, कारण त्याची अडचण अडचण म्हणून कोणी मानीतच नाही. ते मराठीच बोलते, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण ते मूल ‘मला’ म्हणत नाही, ‘मले’ म्हणते. ‘का’ विचारीत नाही, ‘काहून’ विचारते. त्याच्या आईच्या तोंडी ‘मी जातो’ हाच स्त्रीचाही सहज प्रयोग असतो. आणि ‘ळ’ या वर्णाचा उच्चार त्याच्या कानावर ‘य’ असा पडत असल्याने डोळा हा ‘डोया’ असतो, काळी माती ‘कायी माती’ असते. श्रुतलेखनात असे मूल ‘डोया’ लिहिते आणि गुरुजी त्यावर तांबडी फुली मारतात. वस्तुतः त्या मुलाने जे केले ते वाचन-लेखनाच्या शास्त्रात फार मोलाचे आहे: ऐकलेल्या शब्दाचे ध्वनी त्याने अचूक सुटे केले आणि प्रत्येक ध्वनीसाठी योग्य ते अक्षर योजले. ज्या क्षमतेअभावी देशातील लक्षावधी मुले तिसरी-चौथीपर्यंत अक्षरांशी झुंजत राहतात ती क्षमता त्याला साधली आहे. उणीव आहे ती केवळ प्रमाण लेखनातल्या एका संकेताची. ही गोष्ट ओळखणारा शिक्षक फुली मारण्याऐवजी ‘घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहितो, आणि आठवड्याभरात मूल तो संकेत उचलते. न ओळखणारा शिक्षक त्या मुलाला एवढेच शिकवितो की आपण बोलतो ते अशुद्ध आहे. हा दुसरा धडा मुले विसरत नाहीत. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी याच वऱ्हाडी संवादांच्या बळावर मराठी साहित्यात मानाचे पान मिळविते, आणि तीच बोली शाळेच्या वहीत गुण गमावते, ही विसंगती आपल्या अंगवळणी पडली आहे.

तांड्यावरच्या मुलाची स्थिती याहून वेगळी. गोरबोली ही भारतीय-आर्य कुळातली खरी, पण तिचे नाते राजस्थानी वळणाशी. आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणारे हे मूल पहिलीच्या पाठ्यपुस्तकातले पहिले चित्र पाहते तेव्हा चित्र ओळखीचे आणि शब्द अनोळखी असा प्रकार होतो. येथे जनगणनेच्या दप्तरातील एक चमत्कार सांगितला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी आणि बंजारी या मातृभाषा स्वतंत्र भाषा म्हणून मोजलेल्या नाहीत. त्या ‘हिंदी’ या शीर्षकाखाली जमा केल्या आहेत. म्हणजे कागदावर नेरच्या तांड्यावरील मूल हिंदीभाषक, शाळेच्या माध्यमाप्रमाणे मराठीभाषक, आणि प्रत्यक्षात या दोहोंपैकी काहीच नाही. हिंदीची अनिवार्यता मागणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनीही या मुलाला आपापल्या बाजूस मोजले असणे संभवनीय आहे. त्याला स्वतःला मात्र मराठी ही दुसरी, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी भाषा म्हणून शिकावी लागते. वादाचे नाव ‘तिसरी भाषा’ असे ठेवले गेले तेव्हाच मोजणी एकाने चुकली होती.

ही मोजणी का महत्त्वाची, हे समजून घेण्यासाठी वाचन म्हणजे काय याचा थोडा विचार करावा लागतो. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सुटसुटीत सूत्र मांडले, ते असे की, वाचन म्हणजे अक्षरांचा उलगडा आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार होय. त्यांनी बेरीज म्हटले नाही, गुणाकार म्हटले, आणि त्यातच या सूत्राचे सारे मर्म आहे. कारण बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी उरते, गुणाकारात काहीच उरत नाही. वऱ्हाडातील अनेक शाळांत तिसरी-चौथीची मुले धडा खणखणीत आवाजात, न अडखळता वाचून दाखवितात आणि ‘यात कोण कुठे गेलं?’ असे विचारताच गप्प होतात, याचे कारण हेच. त्यांचा उलगड्याचा भाग पुरा झाला आहे, आकलनाचा झालेला नाही. त्यातून देवनागरीसारखी अक्षरलिपी शिकण्यास वेळही अधिक लागतो: सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासात दाखविले की मात्रा आणि जोडाक्षरे धरून अक्षरांचा पुरता संच हाती येण्यास चौथी-पाचवी उजाडते. रोमन लिपीच्या २६ अक्षरांवर बेतलेल्या कल्पना येथे जशाच्या तशा लावता येत नाहीत. महाराष्ट्रातील वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीरमध्ये शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे त्याच त्या मुलांचा माग काढून २०१७ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो मराठी शिक्षकांनी मुळातून वाचावा असा आहे.

केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट मुक्रर केले. उद्दिष्टात ‘अर्थासह’ हा शब्द आहे. पण घड्याळाने मोजता येतात ते शब्द, अर्थ घड्याळाने मोजता येत नाही, आणि जे मोजता येते त्याचीच तपासणी होते हा सरकारी कामाचा जुना शिरस्ता आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आढळली. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ होते. सुधारणा आहे, तिचे श्रेय द्यावे. पण चारांतील तीन मुले अजून अलीकडच्या तीरावरच आहेत, आणि त्यांत ज्यांची घरची भाषा वेगळी अशी मुले किती, हा प्रश्न त्या आकड्यात दिसत नाही.

भाषेची दोन थरांत विभागणी करणारा जिम कमिन्स यांचा १९७९ चा सिद्धांतही येथे उपयोगी पडतो. अंगणातली, बाजारातली, खेळातली भाषा मूल वर्षा-दोन वर्षांत उचलते. पण इतिहासाचा परिच्छेद, गणिताचे शाब्दिक उदाहरण, ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ यांनी बांधलेला युक्तिवाद ज्या भाषेत चालतो ती भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे जातात. तांड्यावरचे मूल दुसरीत गेले की सरांशी झकास मराठी बोलू लागते, आणि सर निश्चिंत होतात. फसगत तिथेच होते. त्याच सिद्धांताची दुसरी बाजू आशेची आहे: विचार करण्याची, क्रम लावण्याची, कारण शोधण्याची जी शक्ती घरच्या भाषेत पक्की होते ती दुसऱ्या भाषेतही उतरते, तिचा प्रत्येक भाषेत नव्याने श्रीगणेशा करावा लागत नाही. म्हणूनच घरच्या भाषेत घालविलेला काळ हा मराठीच्या किंवा इंग्रजीच्या वाट्यातून कापलेला काळ नव्हे.

हे सर्व आजच कोणाला सुचले असे नाही. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले, तो वाद आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही येतो. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या मुलखात होते, १८५३ मध्ये ते इंग्रजी अंमलाखाली गेले. तेव्हा मूळ वादाशी त्याचा संबंध नव्हता. पण देशी भाषेचा पक्ष टिकून राहिला त्याचबरोबर मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची जी शिस्तबद्ध, पुणेरी वळणाची मराठी घडत गेली, तिलाच पुढे ‘शुद्ध मराठी’ हे नाव पडले. देशी भाषेचा विजय झाला तो एका विशिष्ट देशाच्या भाषेचा होता, असे वऱ्हाडातून पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये, आमच्या शेजारच्याच वर्ध्यास, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या मातृभाषेतील मोफत व सक्तीच्या शिक्षणाची योजना आखली. मातृभाषेचा एवढा निःसंदिग्ध पुरस्कार क्वचितच झाला असेल. आता योगायोग पाहा: त्याच दशकाच्या अखेरीस मरे एमेनो हे भाषाशास्त्रज्ञ त्याच वर्ध्याच्या परिसरात कोलामांची भाषा टिपून घेत होते, त्यांचे कोलामीवरील पुस्तक १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून निघाले. ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन प्रकारचे ‘ए’ आणि ‘ओ’ या भाषेत वेगळे आहेत, जे आपल्या नेहमीच्या देवनागरीत नीट लिहिताही येत नाहीत. एका जिल्ह्यात मातृभाषेच्या शिक्षणाची घोषणा होत होती, आणि त्याच जिल्ह्यातील एका मातृभाषेची दखल घेण्यास परदेशी विद्वान यावा लागला. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. मातृभाषा म्हणजे प्रांताची भाषा, असे गृहीत धरण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

कायद्याने मात्र ही सवय मोडली होती. १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, यवतमाळसह विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० अ हे कलम घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ‘शक्य असेल तेथवर’ मातृभाषेचे माध्यम सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत. ‘शक्य असेल तेथवर’ या शब्दांत आपल्या शिक्षणखात्याला जेवढी विश्रांती मिळाली आहे तेवढी दिवाळीच्या सुटीतही मिळत नसेल.

शक्य नाही, असे म्हणावे तर पैनगंगेच्या पलीकडे पाहावे. ही नदी यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा; पलीकडे आता तेलंगणात असलेले आदिलाबाद. २००४ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ भाषांत बहुभाषिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, आणि त्या आठांत गोंडी, कोया, सवरा यांच्याबरोबर कोलामी होती, बंजाराही होती. आरंभी घरच्या भाषेत वाचन-लेखन, मग क्रमाने तेलुगू, मग इंग्रजी, असा त्याचा आराखडा होता. दोन-तीन वर्षांत ओडिशाने दहा आदिवासी भाषांत तेच केले. या उपक्रमांना पुढे ओहोटी लागली, शिक्षकांच्या बदल्या झाल्या, पुस्तके वेळेवर पोहोचली नाहीत, हे सारे खरे. पण पुस्तक छापता येते आणि त्या भाषेचा शिक्षक सापडतो एवढे तरी सिद्ध झाले. अलीकडच्या काठावरील त्याच कोलामांच्या आणि त्याच बंजाऱ्यांच्या मुलांना मात्र नदी ओलांडता येत नाही. बंजारा समाजाच्या बाबतीत त्यात एक प्रशासकीय गुंता आहे: तेलंगणात तो अनुसूचित जमातींत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत, त्यामुळे आदिवासी भाषांसाठी जी काही थोडीफार तरतूद निघते तिच्या यादीत गोरबोली बसत नाही. वसंतराव नाईक यांच्यासारखा बंजारा समाजात जन्मलेला, याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचा माणूस १९६३ ते १९७५ इतकी वर्षे राज्याचा मुख्यमंत्री होता, तरी त्याच्या घरच्या भाषेत पहिलीचे सरकारी पुस्तक निघाले नाही. यात त्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. त्या काळी पुढे जाणे म्हणजे प्रमाण मराठी आत्मसात करणे, हेच सर्वमान्य होते.

महाराष्ट्रातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही, पण ते बहुधा शासनाबाहेर झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस १९४५ पासून आणि नंतर कोसबाडला वारली मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांकडे शाळाच कुरणावर नेण्याची कल्पना होती. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर खात्याने तिला अनधिकृत ठरविले; संविधानाच्या कलमाचे पालन ग्रामसभेने करावे आणि नोटीस तिलाच मिळावी, हा न्याय विलक्षण खरा. नेरच्या अगदी उशाला, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी केली आहे. ते स्वतः त्याच समाजातले, आणि पूर्वी जिल्हा परिषदेचे शिक्षक. मुलाची भाषा समजणारा माणूस समोर उभा असणे, हीच एक मोठी शैक्षणिक सामग्री असते.

आता इंग्रजीविषयी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, आणि गेल्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांनीही ‘सेमी इंग्रजी’ची पाटी लावली, कारण ती लावली नाही तर पट उरत नाही. सकाळी पिवळी गाडी गावात येते आणि ज्यांना परवडते त्यांची मुले घेऊन नेरला जाते. ‘पोट्ट्याले इंग्रजी आलं पायजे’ या वाक्यामागे अडाणीपणा आहे असे समजणारे विद्वान बहुधा स्वतःची मुले इंग्रजीत शिकवून मोकळे झालेले असतात. बापाचे म्हणणे रास्त आहे. फक्त इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे यांतला फरक त्याला कोणी सांगितलेला नाही. गोरबोलीत विचार करणारे मूल अर्धवट आलेल्या मराठीच्या आधाराने न आलेल्या इंग्रजीतून गणित शिकते तेव्हा त्याचे गणितही जाते आणि इंग्रजीही येत नाही.

आणि हिंदी? येथे मला पश्चिम महाराष्ट्रातील मित्रांशी थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. वऱ्हाडाने १९५६ पर्यंत हिंदी प्रदेशाशी एका प्रांतात संसार केला आहे. नेरच्या बाजारात हिंदी परकी नाही आणि तिचा धाकही नाही. हिंदीला विरोध करावयाचा तर तो तिच्या स्वामित्वाच्या भीतीने नव्हे, तर वयाच्या आणि वेळेच्या हिशेबाने करावा. पाचवीपासून हिंदी शिकविण्याची जी वहिवाट होती तिने येथील मुलांचे काही बिघडले नव्हते. पहिली-दुसरीतला प्रत्येक तास अक्षरांच्या उलगड्याला आणि मराठीच्या आकलनाला अपुरा पडत असताना त्यात आणखी एका भाषेला वाटेकरी करणे, तेही एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळीत असलेल्या शाळेत, हे शिक्षणदृष्ट्या असमर्थनीय आहे, आणि त्यासाठी भाषिक अभिमानाची साक्ष काढण्याची गरजच नाही. उलट, जो अभिमान मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जाने सुखावतो, त्याच अभिमानाने गोरबोलीच्या आणि कोलामीच्या बाबतीत मराठीने कोणती भूमिका घेतली, हे विचारले तर उत्तर अवघड होते.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पहिल्या दोन वर्षांत रोजचा एक तास मुलांनी घरच्या भाषेत बोलावे, शिक्षकाने त्यातील वाक्ये देवनागरीतच फळ्यावर लिहावीत, मुलांनी तीच प्रथम वाचावीत आणि शेजारी मराठी वाक्य यावे, एवढे करण्यास नवा अभ्यासक्रम लागत नाही. गोरबोली येणारा एक माणूस लागतो, आणि तो तांड्यावरच असतो, बहुधा अंगणवाडीत मदतनीस म्हणून. नियमित शिक्षकांच्या बाबतीत प्रश्न कठीण आहे. ‘पवित्र’ पोर्टलवरून होणाऱ्या भरतीत गुण पाहतात, आरक्षण पाहतात, विषय आणि माध्यम पाहतात. ज्या तांड्यावर हा उमेदवार जाणार तेथील बोली त्याला येते काय, हा रकाना तिथे नाही.

तसा रकाना शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मात्र आहे. ‘मातृभाषा’ असे त्याचे शीर्षक असते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तो उतरतो. केंद्रप्रमुखांनी तालुक्यातील या नोंदी एकत्र केल्या आणि त्या खऱ्या असल्या, तर कोणत्या शाळेत कोणती बोली येणारा शिक्षक हवा याची यादी तयार होईल, आणि बदल्यांच्या वेळी ती पुढे ठेवता येईल. अडते ते ‘खऱ्या असल्या तर’ येथे. मूल दाखल करताना गुरुजी ‘मराठी’ लिहून मोकळे होतात हे एक. पण पुष्कळदा बापही तेच लिहा म्हणतो, कारण गोरबोली लिहिली तर पुढे कुठल्या कागदात पोराचे नुकसान होईल, ही भीती त्याला असते. ही भीती घालविण्यासाठी परिपत्रक पुरणार नाही. जून महिन्यात दाखल करतेवेळी त्या बापाशी त्याच्याच भाषेत दोन मिनिटे कोणीतरी बोलावे लागेल, आणि नेर तालुक्यात असे बोलू शकणारे शिक्षक आजही आहेत. केवळ ते ज्या शाळांत आहेत त्या शाळांत बंजारा मुले असतीलच असे नाही.